चुंबकाला सोनं कळत नाही

सोनं चुंबकाला चिकटत नाही. चांदी चिकटत नाही. तांबं, पितळ, कासं चिकटत नाही. शिसं आणि जस्त तर नाहीच नाही. चिकटतं ते लोखंड. (निकेल आणि कोबाल्टही चिकटतात, पण त्या मंडळींचं आपल्याकडे फारसं येणंजाणं नसतं.) ही गोष्ट शाळेत शास्त्राच्या पुस्तकात असते, तिच्यावर दोन मार्कांचा प्रश्न येतो, आणि दोन मार्क पदरात पडले की माणूस ती जन्मभरासाठी विसरून जातो. नाहीतर बँकेत नोकरी करणारा, इन्कमटॅक्स वेळेवर भरणारा, एका मुलाचा बाप असलेला माझा भाचा दोरीला लोहचुंबक बांधून खजिना काढायला जव्हारला निघालाच नसता.

हा नाद त्याला मोबाईलवरच्या फिल्मा पाहून लागला. युरोप-अमेरिकेत म्हणे लोक रविवारी नदीकाठी जाऊन गळ टाकतात तसा लोहचुंबक टाकतात आणि बुडालेलं लोखंड वर ओढतात. त्यांना सायकली मिळतात, तिजोऱ्या मिळतात, पिस्तुलं मिळतात, आणि दोन महायुद्धं त्यांनी आपल्याच अंगणात लढल्यामुळे अधूनमधून न फुटलेला तोफगोळाही मिळतो. मग पोलीस येतात आणि सगळा घाट रिकामा करावा लागतो. २०२४ साली न्यूयॉर्कमधल्या एका बागेतल्या तळ्यात एका जोडप्याला तिजोरीच लागली, तिच्यात भिजून लगदा झालेल्या नोटा होत्या आणि त्या सुमारे एक लाख डॉलरच्या असाव्यात असा अंदाज निघाला. ही बातमी भाच्यानं मला इतक्या वेळा सांगितली, की शेवटी शेवटी ती तिजोरी आमच्याच घराण्यातली असावी असं मला वाटायला लागलं.

"मामा, आपल्याकडे हे कुणी करतच नाही," तो म्हणाला.

करतात की! नदीच्या घाटांवर, यात्रेच्या ठिकाणी, अर्ध्या चड्डीतली पोरं वर्षानुवर्षं दोरीला चुंबक बांधून पाण्यात टाकत आली आहेत. भाविकांनी गंगार्पण केलेले पैसे ती वर काढतात. फक्त ती फिल्म काढत नाहीत. त्यांचा धंदा खरा चालू झाला तो सरकारनं १९८८ पासून दहा, पंचवीस आणि पन्नास पैशांची नाणी स्टीलची केली तेव्हा. त्याआधीचं ब्राँझचं, तांब्या-निकेलचं, अॅल्युमिनियमचं नाणं चुंबकाकडे ढुंकून पाहत नसे. अपवाद म्हणून १९४७ सालचा, मागे वाघ असलेला रुपया मात्र शुद्ध निकेलचा. तो वाघ चुंबकाला चटकन वश होतो. थोडक्यात, देवाला सोनंनाणं वाहणाऱ्या श्रीमंतांचं दान नदीच्या तळाशी राहतं आणि चिल्लर तेवढी वर येते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

भाच्याचा चुंबक पोहे खायच्या बशीएवढा होता. निओडिमियमचा. १९८०च्या दशकात जपानी आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी एकाच सुमारास पण वेगवेगळा हा प्रकार शोधून काढला, आणि तेव्हापासून चुंबकांच्या दुनियेत एकदम पैलवान जन्माला यायला लागले. हा एकशेवीस किलो उचलतो असं खोक्यावर लिहिलं होतं. म्हणजे आमचे मेहुणे, अधिक त्यांची प्रवासाची बॅग. विक्रमगडच्या अलीकडे त्यानं एसटीच्या बाकाचा पाय धरला तो जव्हारचा स्टँड येईपर्यंत सोडला नाही. ड्रायव्हर, कंडक्टर आणि एक पोल्ट्रीवाला अशा तिघांनी मिळून त्याला सोडवला. "हे सामान लगेजमध्ये धरायचं की पॅसेंजरमध्ये?" असं कंडक्टरनं विचारलं, आणि मला त्याचा प्रश्न रास्त वाटला.

जव्हारला आमचे यजमान म्हणजे एक निवृत्त मास्तर. त्यांच्या घरी चुंबकानं पहिला इतिहास संशोधनाचा पराक्रम केला तो स्वयंपाकघरात. चांगल्या जातीचं, निकेल मिसळलेलं स्टेनलेस स्टील चुंबकाला चिकटत नाही, हलकं चिकटतं. वहिनींच्या माहेरच्या आहेरातली आठही पातेली टपाटप चिकटली आणि मास्तरांच्या आत्यानं दिलेला डबा ढिम्म हलला नाही. चाळीस वर्षं मिटलेलं प्रकरण पुन्हा उघडलं. आम्ही चहा न संपवताच तळ्याकडे निघालो.

ज्यांनी जव्हार फक्त धबधब्यापुरतं पाहिलं आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. हे मुकण्यांचं संस्थान. महादेव कोळी राजे. मूळ पुरुष जयबा. त्यानं बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली, मिळाल्यावर कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, त्या एकाला एक जोडून मैलोन्‌मैल मुलूख घेरला आणि देणारा बघत राहिला, अशी कथा आहे. (कार्थेजच्या राणीचीही हीच कथा आहे. कातड्याचा हिशेब न समजणारे जमीनमालक सगळ्या जगात होते असं दिसतं.) जयबाचा मुलगा नेमशहा, त्याला दिल्लीच्या सुलतानानं १३४३ च्या ५ जूनला राजा मानलं आणि त्या दिवसापासून जव्हारात वेगळा शक मोजत. राज्य टिकलं ते १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत. जयविलास राजवाडा अजून झाडीत उभा आहे. आणि गावाबाहेर शिरपामाळ आहे. १६६४ च्या सुरत स्वारीला जाताना शिवाजी महाराज तिथं थांबले, राजे विक्रमशहांनी त्यांच्या शिरपेचात मानाचा तुरा खोवला, म्हणून ते नाव पडलं असं सांगतात.

आता ज्या गावावरून सुरतेची वाट गेली आहे, तिथं जमिनीत किंवा पाण्यात लोखंडाचा तुकडा सापडला तर तो कशाचा असणार? "सुरतेहून परत येताना पडला असेल!" तळ्याकाठी जमलेल्या दहा-बारा जणांच्या तोंडून पुढच्या दोन तासांत हे वाक्य मी किती वेळा ऐकलं त्याची गणती नाही. आलेली प्रत्येक वस्तू सुरतेहून परत येतानाच पडत होती. महाराजांचं सैन्य एवढं वेंधळं असतं तर स्वराज्य कुठून झालं असतं, हा विचार कुणाच्या मनात आला नाही.

पहिल्या फेकीला चुंबक वर आला तो दाढी घेऊन. काळीकुळकुळीत, ओली, ताठ उभी राहिलेली दाढी. "दारूगोळ्याची भुकटी!" एक टेम्पोवाला ओरडला. ती वाळू होती. सह्याद्रीचा हा काळा पाषाण म्हणजे थंड झालेला लाव्हा, त्याच्या पोटात लोखंडाचे चुंबकीय कण असतात. दगड झिजला की ते कण ओढ्यानाल्यांतून वाहत येऊन तळाशी बसतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा ऐवज. त्या दिवशी मिळालेली सगळ्यात जुनी वस्तू तीच होती, आणि भाच्यानं ती चिडून चड्डीला पुसली.

दुसऱ्या-तिसऱ्या फेकीनंतर खरा माल यायला लागला. एक चपटी, पानाच्या आकाराची, बोटभर लांब पट्टी आली. तिला कडेनं चार भोकं. गंजून तिचा पापड झाला होता. यावर मात्र सभा भरली. मास्तर म्हणाले, चिलखताचा पत्रा असावा. चिलखतावर असे पत्रे शिवत. टेम्पोवाला म्हणाला, कुलपाचं झाकण. भाच्यानं मोबाईलवर फोटो काढून जगभरच्या तज्ज्ञांना विचारायचं ठरवलं, पण तळ्याकाठी रेंज नव्हती. त्यामुळे जगभरचे तज्ज्ञ वाचले. शेळ्या घेऊन आलेला एक म्हातारा मघापासून विडी ओढत बसला होता. त्यानं ती पट्टी हातात घेतली, उलटी केली आणि परत दिली.

"पत्री आहे. बैलाची."

घोड्याचा खूर अखंड, म्हणून एका पायाला एक नाल. बैलाचा खूर मधोमध दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या. चारी पायांत जोडे घालायचे म्हटले तर आठ लागतात. घोड्याचा नाल आपण सगळे ओळखतो. तो दारावर ठोकतात, शनिवारी विकतात, सिनेमात दाखवतात. बैलाची पत्री कुणी दारावर ठोकत नाही. बैल आडवा पाडून, पाय बांधून पत्र्या मारणारा नालबंद गावोगाव फिरायचा, तो तीस-चाळीस वर्षांपूर्वी बऱ्याच ठिकाणांहून दिसेनासा झाला, आणि त्याच्या हातची वस्तू शिकल्यासवरल्या माणसांना चिलखत वाटायला लागली.

"तुमच्या बैलाची का, आजोबा?" भाच्यानं विचारलं. त्याला इतिहासाचा जिवंत साक्षीदार हवा होता.

"आमचे बैल अनवाणीच होते," म्हातारा म्हणाला. "पत्र्या ठेकेदाराच्या बैलांना."

एवढं बोलून तो शेळीमागे गेला. पण या एका वाक्यात जेवढा इतिहास होता तेवढा आम्हाला उरलेल्या दिवसात मिळाला नाही. या मुलखाचं उत्पन्न जंगलाचं. साग, कोळसा, गवत, खैराचा कात. (कातकरी हे नावच कात काढण्यावरून पडलं.) सगळं डोंगरातून गाड्यांवर लादून खाली उतरवायचं. खडीच्या सडकेवर रोज चालणाऱ्या बैलांच्या खुरांची चाळण होते, म्हणून ठेकेदार त्यांच्या पायांत लोखंड मारून घेई. शेतकऱ्याचा बैल चिखलात चाले, त्याला लागत नसे. आणि माणसाला, म्हणजे झाड तोडून ते गाडीवर चढवणाऱ्याला, लागत असलं तरी मिळत नसे. पानाएवढी गंजकी पट्टी, पण रस्त्यावर कोण होतं आणि शेतात कोण होतं एवढं ती नीट सांगत होती. ज्या राज्याची सुरुवात बैलाच्या कातड्यानं झाली तिथं बैलाचाच जोडा सापडावा, हे मला तर योग्य वाटलं. भाचा मात्र खट्टू झाला.

मग ओळीनं माल आला. गाडीच्या चाकावरच्या लोखंडी धावेचा हातभर तुकडा. कमरेला कोयता अडकवायची आकडी. (ही भाच्याला पडद्याचा हूक वाटली.) पात्याचा नुसता कणा उरलेला विळा. आणि विळ्याची मोठी अडचण अशी, की त्याच्यावर साल नसतं. विदर्भात नागपूरजवळ माहुरझरीला, नायकुंडला जमिनीत पुरलेल्या वस्तू सापडल्या. नायकुंडला तर शां. भा. देवांनी लोखंड गाळायची भट्टीच खणून काढली, इसवी सनापूर्वी सातशेच्या आसपासची. तिथल्या कुऱ्हाडी, छिन्न्या, घोड्याचे लगाम पाहिले तर जुन्या बाजारात कुणी वळून पाहणार नाही, इतके ते ओळखीचे. काम बदललं नाही म्हणून आकार बदलला नाही. राजाचं नाणं पाहिलं की दहा वर्षांच्या आतबाहेर काळ सांगता येतो. विळा अडीच हजार वर्षांपूर्वीचा असेल किंवा गेल्या दिवाळीचा. तो कुठल्या थरात, कशाशेजारी पडला होता हे ठाऊक असेल तरच त्याचं वय काढता येतं, आणि चुंबक नेमका तोच पुरावा मोडून वस्तू वर आणतो. हे मी भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "मामा, तुम्ही रविवारी तरी असं बोलू नका."

शेवटी एक जड लोखंडी नळी लागली. तिला ओढायला पाच जण. तिचं तोंड पाण्याबाहेर दिसताच टाळ्या पडल्या. "तोफ!" लहानशी, उंटावरची असेल, सुरतेहून परत येताना... इत्यादी. ती पुरती बाहेर आली तेव्हा तिच्या दुसऱ्या टोकाला आटे होते. इथं एक सोपा नियम सांगून ठेवतो: एकसारखे, यंत्रावर कापलेले आटे दिसले की शिवकाल विसरायचा. तो हातपंपाचा पाइप होता. मास्तर हिरमुसले, पण मला विचाराल तर त्यात हिरमुसण्यासारखं काही नव्हतं. आज जगभर 'इंडिया मार्क टू' म्हणून जो हातपंप वापरतात त्याचा पूर्वज आपल्या सोलापूरचा. दुष्काळात नाजूक परदेशी पंप पटापट मोडायला लागले तेव्हा सोलापूरकडच्या कारागिरांनी दणकट पंप बनवला आणि सत्तरच्या दशकात त्यावरून मार्क टू तयार झाला. तोफेनं जेवढी माणसं मारली असतील त्याच्यापेक्षा या नळीनं नक्कीच जास्त जगवली. पण तोफ दिवाणखान्यात ठेवता येते, पंपाचा पाइप ठेवून पाहा.

धातूच्या राज्यातही वर्ण आहेत, तो हा असा. १९७४ साली नगर जिल्ह्यातल्या दायमाबादला एक भिल्ल शेतकरी झाडाचं मूळ खणत होता. त्याला ब्राँझच्या चार वस्तू मिळाल्या: बैल जुंपलेला आणि माणूस उभा असलेला रथ, हत्ती, गेंडा, रेडा. मिळून साठ किलोंहून जास्त वजन. त्यांच्यावर विद्वानांनी किती लिहिलं! धवलीकरांनी त्या उत्तर हडप्पा काळातल्या, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या ठरवल्या, डी. पी. अग्रवालांनी धातूतलं आर्सेनिक मोजून शंका काढली. वाद चांगला रंगला. किंवा वसईच्या घंटा घ्या. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकली आणि तिथल्या चर्चांतल्या घंटा मराठ्यांनी आणून देवळांत बांधल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळातली घंटा १७२१ सालची, भीमाशंकरची १७२९ ची. क्रूस आणि साल दोन्ही घंटेवरच ओतलेलं, म्हणून ओळख पटायला तज्ज्ञही लागला नाही. ब्राँझ हरवत नाही, गंजून संपत नाही, आणि आपली जन्मतारीख पोटावर घेऊन बसतं. भाच्याच्या चुंबकाला यातली एकही वस्तू उचलता आली नसती. घरातले झिजलेले देवांचे टाक लोक नदीत सोडतात, ते चांदीचे-पितळेचे. तेही नाही. तळाशी जे कुणी जपून किंवा भक्तीनं सोडलं ते तळाशीच राहणार. वर येणार ते हातातून निसटलेलं, तुटलेलं, फेकलेलं.

दुपारी आम्ही कायद्याचा विचार केला. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून आहे. जमिनीत दडलेला दहा रुपयांवरचा ऐवज सापडला तर कलेक्टरला कळवायचं. इंग्रजानं दहा रुपये ठरवले तेव्हा त्यात चांगला कारकून महिना काढत असे. आमच्याकडे चौदा किलो लोखंड जमलं होतं. भंगारवाल्याच्या भावानं ते दहा रुपयांच्या कितीतरी वर जात होतं. जुन्या काळी ठाण्याला जावं लागलं असतं. १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर वेगळा जिल्हा झाल्यामुळे निदान एसटीचे पैसे वाचले असते. पण कलेक्टरसाहेबांच्या टेबलावर हातपंपाचा पाइप ठेवून "ऐवज" हा शब्द उच्चारायची हिंमत आमच्यात कुणाच्यात नव्हती. शिवाय त्या कायद्यातली व्याख्या जमिनीत दडलेल्याची आहे, तळ्यात पडलेल्याचं काय, यावर मास्तरांनी तासभर भाषण केलं.

दुसऱ्या दिवशी मोखाड्याला गेलो. मास्तरांचा एक जुना विद्यार्थी तिकडच्या पाड्यावर राहतो, त्यानं बोलावलं होतं. जव्हार राजाचं होतं तेव्हा मोखाडा इंग्रजी मुलखात. आता दोन्ही तालुके एका जिल्ह्यात आणि एकाच पावसात. पाऊस म्हणजे असा, की चार महिने छत्री हा विनोद वाटावा. आणि तरीही होळी उलटली की बाया हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात आणि वाटीवाटीनं पाणी भरतात. मुंबईला रोज साडेपंचेचाळीस कोटी लिटर पाणी पुरवणारं, शंभर मीटरहून उंच असं मध्य वैतरणा धरण याच तालुक्यात आहे. खडक पाणी धरून ठेवत नाही, आणि धरणानं धरलेलं पाणी नळातून आमच्याकडे येतं. मोखाड्यात विहिरीच्या तळाशी काय आहे ते बघायला चुंबक लागत नाही, एप्रिल लागतो.

आम्ही गेलो तो डिसेंबर होता. विहिरीत पाणी होतं. पाड्यावरच्यांना विचारून भाच्यानं दोर सोडला. दोन वेळा दाढी, तिसऱ्या वेळी टपकन काही लागलं. वर आलं ते मी आजवर पाहिलेल्या वस्तूंत सगळ्यात दिमाखदार होतं. वर जाड कडी, तिला दांडा आणि खाली चारी दिशांना वाकलेले चार आकडे. गंज होता, पण आकार शाबूत.

"नांगर! जहाजाचा नांगर!" भाचा आनंदानं थरथरत होता. समुद्र तिथून कितीतरी लांब आणि चांगला हजारभर फूट खाली, हे मी बोललो नाही. त्याची कल्पना तोवर पोर्तुगीजांपर्यंत पोचली होती. छोट्या होडीचा असेल, लुटीतून आला असेल, नदीमार्गे... त्यानं तो नांगर व्हिनेगरमध्ये भिजवून, घासून, ठाण्याच्या ब्लॉकमध्ये सोफ्याच्या वर टांगायचंही ठरवून टाकलं.

विहिरीवर पाणी भरायला आलेली एक म्हातारी हे ऐकत होती. तिनं हंडा खाली ठेवला आणि ती वस्तू त्याच्या हातून काढून घेतली.

"गळ हाय हा. आमचाच." तिनं एक आकडा दगडावर ठोकून पाहिला. "हंडा-कळशी पडली का ह्यानं काढायची. दोर तुटला नि गळच आत गेला. मंग गळ काढायला दुसरा गळ कुठला आणायचा?"

"किती वर्षं झाली, आजी?"

"तवा माझा थोरला रांगत व्हता."

थोरला मागे उभा होता. त्याचे केस पिकले होते.

म्हातारीनं गळ पाण्यात बुडवून चोळला, पदराला पुसला, आणि तिच्याकडे पाहून कळत होतं की आता तो कुठल्याही सोफ्याच्या वर जाणार नाही. भाचा दिलाचा चांगला आहे. त्यानं आवंढा गिळला आणि म्हणाला, "आजी, गळ घ्याच. पण त्यापेक्षा हे घ्या, हे जास्त जोरदार आहे. एकशेवीस किलो उचलतं." आणि त्यानं चुंबक पुढे केला.

म्हातारीनं चुंबक हातात घेऊन वजन पाहिलं. मग तो आपल्या हंड्याला लावला. हंडा अॅल्युमिनियमचा. चुंबक घसरून खाली पडला. शेजारणीच्या पितळी कळशीला लावला. तिथंही तेच.

"मंग ह्याचा काय उपेग?" असं म्हणून तिनं तो त्याला परत दिला, गळ हंड्यात टाकला आणि हंडा डोक्यावर घेऊन ती पाड्याकडे चालायला लागली.